फरीदाबादहून राजापूर: गाडीत काय चढवायचं?

पत्र

ताई, नमस्कार. ह्यांच्या नोकरीमुळे आम्ही २७ वर्षं फरीदाबादला राहतोय. ३१ मार्चला हे निवृत्त होताहेत आणि आम्ही दोघांनी कायमचं राजापूर तालुक्यातल्या आमच्या घरी यायचं ठरवलंय. घर जुनं, चिऱ्याचं, कौलारू. सासूबाई गेल्यापासून सात वर्षं बंद आहे, गणपतीला पाच दिवस उघडतो तेवढंच. रस्त्यापासून घरापर्यंत पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट आहे. इथला भाड्याचा फ्लॅट मेअखेर सोडायचाय, म्हणून मेच्या शेवटच्या आठवड्यात सामान हलवायचा विचार आहे.

तीन जणांकडून दर मागवले. एकाने घरी येऊन पाहिलं आणि १९ फुटी स्वतंत्र गाडीचे १ लाख १२ हजार सांगितले, जीएसटी आणि विमा वेगळा. दुसरा इतरांच्या सामानाबरोबर आणायचे ७४ हजार म्हणतो. तिसऱ्याने फोनवरच ३८ हजार सांगितले, आठ हजार आगाऊ भरा म्हणाला. ह्यांचं म्हणणं, एवढ्या वर्षांचा संसार आहे, एकही वस्तू टाकायची नाही. मुलगी म्हणते, सगळं विका आणि तिकडे नवीन घ्या. रोज जेवताना यावरूनच बोलणं होतं आणि हे ताटावरून लवकर उठतात. शिवाय एक कार आणि एक स्कूटर आहे. एवढा खर्च करणं बरोबर आहे का?

— एक वाचक भगिनी, फरीदाबाद

उत्तर

वहिनी, तिसऱ्याला आजच नाही कळवा. घर न बघता, यादी न मागता जो सुमारे १,७०० किलोमीटरचा दर फोनवर सांगून टाकतो, त्याचा खरा दर तुमचं सामान गाडीत चढल्यावर कळतो. वाटेतून फोन येतो: सामान जास्त निघालं, जागा जास्त लागली, आणखी वीस-पंचवीस हजार पाठवा, नाहीतर गाडी गोडाऊनला लावतो. त्या वेळी तुमची अंथरुणं-पांघरुणं, भांडीकुंडी, सगळं त्याच्या ताब्यात असतं आणि तुम्ही रिकाम्या घरात फोन धरून उभ्या असता. मोठ्या कंपनीच्या नावाशी मिळतंजुळतं नाव लावून बसलेलेही पुष्कळ आहेत. म्हणून उरलेल्या दोघांचाही जीएसटी क्रमांक मागून घ्या आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकून बघा. नाव कुणाचं, पत्ता कुठला, नोंदणी चालू आहे की रद्द झालीय, हे तिथे फुकट दिसतं.

आता पहिल्याचा दर. १ लाख १२ हजारांवर थांबणार नाही तो. बांधणं, नेणं, उतरवणं हे सगळं एकाने अंगावर घेतलं की त्यावर साधारण १८ टक्के जीएसटी येतो, म्हणजे २०,१६० रुपये. विम्याचे बहुधा मालाच्या किमतीवर ३ टक्के मागतील. तुम्ही किंमत चार लाख लिहिलीत तर १२ हजार, वर त्याच्यावरही कर. बेरीज १ लाख ४६ हजारांवर जाते, आणि अजून पाखाडी चढायचीच आहे. विम्याचे पैसे देणार असाल तर विमा कंपनीने दिलेलं, तुमच्या नावाचं, या प्रवासाचं प्रमाणपत्र हातात घ्या. बिलावर नुसतं ‘रिस्क चार्ज’ लिहिलेलं असेल तर तो विमा नव्हे. ‘ई-वे बिलाचे’ म्हणून कुणी वेगळे पैसे मागितले तर देऊ नका, वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागत नाही.

पण दर कमी करून घेण्यापेक्षा मोठी बचत दुसरीकडे आहे. घर हलवणारा ट्रकवाला वजनाचे नाही, जागेचे पैसे घेतो. संसाराच्या सामानाने गाडी वजनाने भरत नाही, आकाराने भरते. म्हणून पितळेची भांडी, पुस्तकं, पाटा-वरवंटा, भावोजींची हत्यारं, शिलाई मशीन या जड पण आटोपशीर वस्तू स्वस्तात येतात. सोफा, गाद्या, रिकामं कपाट, बॉक्सचा पलंग मात्र गाडीची निम्मी जागा खातात, आणि त्या जागेत बहुतेक हवाच असते. प्रत्येक वस्तूपुढे उभं राहून दोन प्रश्न विचारा: ही जागा किती अडवते, आणि कोकणात दोन पावसाळ्यांनंतर हिचं काय होईल?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी तुम्हाला अनुभवाने देऊ शकते. आम्ही २००९च्या जूनमध्ये भिलाईहून रत्नागिरीजवळच्या आमच्या गावी आलो. तेव्हा मला कुणी सांगितलं नाही म्हणून मी सगळं आणलं. प्लायवूडचा बॉक्स पलंग गणपतीपर्यंत असा फुगला की त्याचं झाकण उचलेना. दिवाळीनंतर उघडला तर आतल्या रजयांना काळी बुरशी आलेली. भुशाच्या फळ्यांचं कपाट दुसऱ्या वर्षी खालून सुटायला लागलं. वर्षाला तीन हजार मिलीमीटरहून जास्त पाऊस पडणारा आपला जिल्हा, त्यात तुमचं घर खाडीपासून जवळ असेल तर खारी हवाही आहे. फरीदाबादच्या कोरड्या हवेत वीस वर्षं टिकलेली वस्तू इथे वीस महिन्यांत म्हातारी होते. लोखंडी कपाट आणायचंच असेल तर आधी गंज खरवडून रंग लावून घ्या आणि इथे भिंतीपासून वीतभर पुढे, चार विटांवर ठेवा.

कूलर तिथेच द्या. त्याबद्दल दुसरा विचारच नको. कूलर पाणी वाफवून हवा थंड करतो, आणि इथल्या मे महिन्याच्या हवेत आधीच एवढं पाणी असतं की तो खोली गार करणार नाही, नुसती दमट करेल. रूम हीटरही नको. रजया दोन ठेवा, त्याही सुती कापडाच्या, बाकी तिकडच्या थंडीत कुणाच्या तरी अंगावर जाऊ द्या. पाण्याचं आरओ मशीन फरीदाबादच्या जड पाण्यासाठी ठीक होतं. आपल्या जांभ्या कातळातल्या विहिरींचं पाणी बहुतेक ठिकाणी हलकं असतं, त्याला आरओची गरज नसते. आधी बावीचं पाणी तपासून घ्या, मग ठरवा. खाडीकाठी मचूळ लागलं तर गोष्ट वेगळी.

फ्रिज आणा, पण गाडीत उभाच ठेवायला लावा आणि इथे पोचल्यावर काही तास तसाच उभा ठेवून मग सुरू करा. वॉशिंग मशीन नक्की आणा, पावसाळ्यात तुम्ही मला दुवा द्याल. पुढून उघडणारं असेल तर ड्रम अडकवायचे मागचे बोल्ट शोधून लावून घ्या, नाहीतर १,७०० किलोमीटर तो ड्रम आतल्या आत आपटत येईल. इन्व्हर्टर आणा, त्याची जुनी बॅटरी तिथेच बदल्यात द्या आणि नवी इथे घ्या. आणि शिसवी लाकूड एकही सोडू नका. तिकडे शीशमची टेबलं-खुर्च्या चांगल्या मिळतात, तुमच्याकडे असतील तर पाय-फळ्या सुट्या करून आणा. भरीव लाकूड इथे टिकतं. ‘तिकडे नवीन घ्या’ म्हणणाऱ्या लेकीला एवढं सांगा की रत्नागिरीच्या दुकानात नव्याने जे मिळेल ते बहुतेक पुन्हा प्लायवूडच असेल.

आता पाखाडी. तुमच्या पत्रात ती एका ओळीत येऊन गेली, पण खर्चाची आणि मनस्तापाची सगळ्यात मोठी जागा तीच आहे. आमच्या कागदावर ‘डोअर डिलिव्हरी’ लिहिलं होतं. ट्रक आला तो मृगाच्या पावसात, संध्याकाळी. चालक म्हणाला, गाडी जाते तिथपर्यंत दार, पुढचं आमचं काम नाही. सामान एसटीच्या शेडमध्ये उतरवलं आणि ताडपत्री टाकून तिघं रात्रभर तिथे बसलो. पुढचे दोन दिवस वाडीतल्या माणसांनी डोक्यावरून सगळं वर आणलं. सासूबाईंच्या माहेरची आरशाची पेटी त्या पावसात गेली ती गेलीच. त्या माणसांचे उपकार मी अजून मानते, पण त्यांच्यावर तो भार टाकायला नको होता.

म्हणून कोटेशनवर स्पष्ट लिहून घ्या: मोठी गाडी कुठल्या रस्त्यापर्यंत येणार, तिथून छोटा हत्ती किंवा पिकअप कुणी आणायची, पाखाडीच्या किती पायऱ्या, हमाली कुणाकडे. पुतण्याला किंवा शेजाऱ्याला पाखाडीचा चालत चालत व्हिडिओ काढून पाठवायला सांगा आणि तो दोन्ही ट्रान्सपोर्टवाल्यांना दाखवा. त्यानंतर जो दर येईल तो खरा. शिवाय एप्रिल-मेमध्ये वाडीतल्या पिकअप आंब्याच्या पेट्या वाशीला न्यायला लागलेल्या असतात. आयत्या वेळी गाडी मिळत नाही, मिळाली तर दुप्पट भाडं. आत्तापासून सांगून ठेवा.

त्याच माणसाला एक टेप घेऊन घरातल्या सगळ्या दारांची मापं घ्यायला सांगा, रुंदी आणि उंची दोन्ही. जुन्या घरात माजघरात जाताना आपण वाकून जातो हे फ्लॅटमध्ये राहून विसरायला होतं. तीन माणसांचा सोफा त्या दारातून आत जाणार नाही आणि पडवीत ठेवला तर पावसाची झड त्याला सोडणार नाही.

मेच्या शेवटच्या आठवड्याला माझा ठाम नकार आहे. इतरांच्या सामानाबरोबर येणारी गाडी वाटेत दोन-तीन ठिकाणी थांबते, माल कधी कधी एका गाडीतून दुसरीत चढतो, आणि आठ-दहा दिवस सहज जातात. म्हणजे तुमचे खोके राजापुरात येणार मिरगाच्या तोंडावर. पावसाळ्यात परशुराम घाटात दरड आली की महामार्ग ठप्प. पुढे गणपतीत मुंबई-गोवा महामार्गावर जड वाहनांना दरवर्षी बंदी असते. सामान मेच्या पहिल्या आठवड्यात निघालं पाहिजे. ते जमत नसेल तर थेट दिवाळीनंतर. मधलं काही नको.

त्यासाठी भावोजींना एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एकट्याने पुढे पाठवा. सात वर्षं बंद घर म्हणजे वाळवी, फुटलेली कौलं, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी. शाकारणी करणारी माणसं मेमध्ये हातात सापडत नाहीत, एप्रिलच्या सुरुवातीला सापडतात. कौलं उतरवून, रीप आणि वासे ठोकून बघून, बदलायचे ते बदलून पुन्हा कौलं लावायची. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यायचं आणि मीटरवर भार किती मंजूर आहे ते बघायचं, कारण फ्रिज, वॉशिंग मशीन, गिझर एकदम लागले तर जुनं जोडकाम सोसणार नाही. गळक्या छपराखाली एक लाख भाड्याचं सामान आणून ठेवू नका. ट्रकवर जे वाचवाल ते कौलांवर घाला.

तिकिटं मात्र वेळेवर. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं आणि मेमध्ये चाकरमान्यांची गर्दी असते. तुमच्या परतीच्या तारखेपासून मागे मोजून त्या दिवशी सकाळीच काढा.

स्कूटर रेल्वे पार्सलने पाठवा. निजामुद्दीनहून रत्नागिरीपर्यंत मंगला एक्सप्रेस आहे. टाकीतलं पेट्रोल पूर्ण काढावं लागतं, गाडीला गोणपाट बांधावं लागतं, आरसी आणि ओळखपत्राची प्रत लागते. ट्रकमध्ये स्कूटर चढवली तर तिचं तेल गाद्यांवर उतरतं. कार भावोजींनी एप्रिलमध्ये येताना चालवत आणावी असं मला वाटत होतं, पण साठीला एकट्याने नको. भाचा, जावई, कुणीतरी सोबत असेल आणि वाटेत दोन मुक्काम करणार असाल तर आणा, नाहीतर कार वाहून नेणाऱ्या गाडीने पाठवा. कारमध्ये सामान भरू देत नाहीत, तसा प्रयत्न करू नका.

कारचा खरा खर्च पुढे आहे. दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून जास्त ठेवलेल्या वाहनाला तिथला नंबर घ्यावा लागतो, हा मोटार वाहन कायदा आहे. म्हणजे ‘एचआर ५१’चं ‘एमएच ०८’ करायचं. फरीदाबाद सोडण्याआधीच तिथल्या आरटीओकडून ना हरकत प्रमाणपत्र घ्या. कर्ज फिटलं असेल तर बँकेचा बोजा आरसीवरून उतरवून घ्या. इथे महाराष्ट्राचा कर गाडीच्या वयाप्रमाणे पुन्हा भरावा लागेल, आणि तिकडे भरलेल्या करातला उरलेल्या वर्षांचा भाग परत मागता येतो. ती रक्कम मागायला पुष्कळ लोक विसरतात, कारण एकदा इथे आल्यावर फरीदाबादला कोण जाणार? अर्जाची माहिती निघायच्या आधी घेऊन ठेवा.

गॅसचं सोपं आहे. सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करून टर्मिनेशन व्हाउचर घ्या, अनामत परत मिळेल, आणि त्याच कागदावर राजापुरात नवी जोडणी. भरलेला सिलिंडर ट्रकमध्ये चढवू देऊ नका, बांधणारा ‘चालतं’ म्हणाला तरी. दागिने, घराचे कागद, फोटोंचे अल्बम, औषधं आणि डॉक्टरांचे जुने कागद तुमच्या हातातल्या बॅगेत.

गाडी भरताना प्रत्येक खोक्यावर क्रमांक आणि खोलीचं नाव. यादी दोन प्रतींत, दोन्हीवर त्यांची सही. बांधायच्या आधी प्रत्येक मोठ्या वस्तूचा फोटो. गाडीचा नंबर, चालकाचा फोन, आणि बिल्टी, म्हणजे माल घेतल्याची वाहतूकदाराची पावती, हातात आल्याशिवाय गाडी हलू देऊ नका. सगळे पैसे आधी देऊ नका, मोठा हिस्सा सामान घरात आल्यावर. उतरवून घेताना फुटलेलं-तुटलेलं दिसलं तर पावतीवर तसं लिहून मगच सही करा. ‘आधी सही करा, साहेबांना सांगतो’ याला बळी पडू नका. नुकसानीची लेखी नोटीस वाहतूकदाराला माल नोंदवल्यापासून १८० दिवसांच्या आत द्यावी लागते, नाहीतर दावा टिकत नाही. फरीदाबादला खेपा मारायची गरज नाही, २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही जिथे राहता तिथल्या जिल्हा आयोगाकडे, म्हणजे रत्नागिरीला, तक्रार करता येते. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करा, बऱ्याचदा तिथेच सुटतं.

दोघांपैकी कुणाला निवडायचं? यादी निम्मी केलीत तर पहिल्याला पुन्हा बोलवा आणि १४ फुटी स्वतंत्र गाडीचा दर विचारा. तो ७४ हजारांपेक्षा थोडा जास्त आला तरी मी तोच घेईन. स्वतंत्र गाडीत सामान एकदाच चढतं आणि एकदाच उतरतं, आणि तारीख तुमच्या हातात राहते. पनवेल किंवा कोल्हापूरपर्यंतच आणू आणि पुढे तुम्ही बघा, असं कुणी स्वस्तात सुचवेल. कोकणातून परतीचा माल मिळत नाही म्हणून ट्रकवाल्यांना इथपर्यंत यायचं नसतं. पण मधल्या त्या चढ-उताराने काचेचं आणि लाकडाचं जे होतं, ते बघता तो मार्ग नको.

आणि भावोजी. वहिनी, त्यांच्याशी किमतीवर वाद घालू नका. ३१ मार्चला त्यांची खुर्ची जाणार आहे, रोजचा रस्ता जाणार आहे, सत्तावीस वर्षांचे चहाचे सोबती जाणार आहेत. त्याच महिन्यात कुणी सोफ्यालाही ‘टाकून द्या’ म्हणालं की त्यांना ते सोफ्याबद्दल ऐकू येत नसणार. मी माझ्या ह्यांच्या बाबतीत हे समजून घेतलं नाही. त्यांचं लिहायचं टेबल त्यांना न विचारता भिलाईला देऊन टाकलं. ते काही बोलले नाहीत. दोन वर्षांनी एकदा पत्र लिहायला बसताना म्हणाले, उजवीकडचा खण आपोआप हात जाईल तिथे होता. त्या दिवसापासून मी कुणाला ‘सगळं विका’ असं सांगत नाही.

दारांची मापं आली की चौकटीच्या वहीत राजापूरच्या घराचा आराखडा काढायचं काम त्यांना द्या. ओटी, पडवी, माजघर, देवघर, स्वयंपाकघर. मग फरीदाबादची एकेक वस्तू त्या कागदावर कुठे बसते ते त्यांनीच दाखवायचं. जिला जागा सापडेल ती येईल. जिला सापडणार नाही तिच्याबद्दल तुम्हाला काही बोलावं लागणार नाही. जागा नसूनही त्यांना एखादी वस्तू हवीच असेल, तर ती एक वस्तू विचार न करता आणा, दर कितीही पडो. जे विकायचं ते मार्चमध्येच विकायला काढा, शेवटच्या आठवड्यात घेणारा भंगाराचा भाव देतो.

लेकीला म्हणावं, उन्हाळ्याच्या सुटीत दोन दिवस आधी येऊन गावच्या घराची पाखाडी चढायला मदत कर. आणि दारांची मापं आली की मला पुन्हा लिहा, सोफ्याचं तेव्हा बघू.